गळ्यापर्यंत भरलेली घागर

“ती घागर आधी खाली ठेव,” सुबराव दबक्या आवाजात म्हणाला. “साहेब बघायलाय.”

“बघू दे की,” मष्णू म्हणाला. “बघायसाठीच आणलीया.”

सांबऱ्याच्या वेशीबाहेर वडाखाली रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली होती. रेघेला पाय लावून गोरे सोजीर उभे होते, अर्ध्या चड्ड्या, छातीवर आकड्यांची फडकी. त्यांच्या कडेला आमचा मष्णू. गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, दोन्ही खांद्यांवरून घेतलेलं काळंभोर लुगडं, डोक्यावर त्याच लुगड्याच्या फाडलेल्या तुकड्याची चुंबळ आणि चुंबळीवर कल्हई केलेली पितळी घागर. घागर गळ्यापर्यंत दुधानं भरलेली. तोंड उघडं. बायका भरली घागर नेताना हिंदकळू नये म्हणून आत पळसाचं पान सोडतात, तेवढंही यानं सोडलं नव्हतं.

शर्यतीचा पंच असलेला कॅप्टन सायकल ढकलत जवळ आला. त्याच्या सायकलीला काठीवर गुंडाळलेलं लाल निशाण बांधलेलं होतं. तो सुबरावाशी काहीतरी बोलला. सुबराव शेजारच्या मुतगे गावचा, पण कँपातल्या कचेरीत कारकून, म्हणून दुभाषाचं काम त्याच्याच गळ्यात पडायचं.

“हे काय सोंग आणलंयस, असं विचारतोय साहेब.”

“सांग त्यास्नी,” मष्णू म्हणाला. मान न हलवता बोलायची त्याला सवयच होती. “गेल्या साली म्या पळालो म्हनले. औंदा पळालो तर ह्या काळ्या लुगड्यावर दूध सांडंल. लांबनं बी दिसंल. मग त्यास्नी निशान दावायचं बी काम न्हाय. मी माझा बाजूला हुतो.”

सुबरावानं सांगितलं. त्यातलं किती सांगितलं आणि किती गिळलं ते तोच जाणे. कॅप्टननं खिशातला नियमांचा कागद काढून वाचला. गुडघ्याविषयी होतं, टाचेविषयी होतं, बुटांविषयीही होतं. डोक्यावर काही नसावं, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. हा नियम पुढच्या साली निघाला.

ही शर्यत म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आता ती नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर बेळगावच्या कँपातल्या साहेबांनी ती काढली. दरवर्षी नाताळच्या आधीच्या शनिवारी सांबऱ्याच्या वडापासून कँपाच्या मैदानापर्यंत चालत जायचं. चालत, पळत नव्हे. एक पाय जमिनीला टेकलेला असल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, एवढाच मुख्य नियम. नाव मात्र भारदस्त, इंटरनॅशनल. इंग्रज, आयरिश आणि स्कॉच हे एकाच राजाचं मीठ खाणारे, पण आपापसात स्वतःला निरनिराळ्या देशांचे म्हणवत. शिवाय गोव्याहून पोर्तुगीज सोजीर, म्हणजे आमच्या भाषेत पाखले, रेल्वेनं लोंढ्यावरून यायचे. झालं इंटरनॅशनल.

पहिल्या साली ही शर्यत बघून सांबऱ्याची माणसं पोट धरून हसली होती. जोरात चालायचं आणि पळायचं नाही म्हटलं की माणसाची कंबर हलतेच. धिप्पाड गोरे, मिशीला पीळ भरलेले, आणि कंबर हलवत रस्त्यानं चाललेले. “लेकाचे बायकांवानी चाललेत की रं,” असं जो तो म्हणत होता. मष्णूची आई गुणाबाई तेवढी हसली नव्हती. ती म्हणाली होती, “चाल आमची चोरलीया, आनि डोस्क्यावर काय न्हाय.”

गुणाबाईनं हयातभर सांबऱ्याहून बेळगावला डोक्यावर दूध नेलं. बाकीचे गडी कावडीनं नेत. कावड लवते, दूध घुसळतं, पोचेपर्यंत वर लोण्याचे कण येतात. गुणाबाईच्या घागरीतलं दूध मात्र म्हशीनं आत्ताच दिल्यासारखं शांत असायचं. नवरा मागेच गेला होता. मग तिचे गुडघे गेले, पाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एके दिवशी मष्णूनं तिची चुंबळ उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

पुरुषानं डोक्यावर घागर घ्यायची म्हणजे आमच्याकडे केवढा गहजब. पोरं त्याच्यामागून कंबर हलवत चालायची. दोन स्थळं आली तशी परत गेली. कावडवाला आण्णाप्पा वाटेत भेटला की म्हणायचा, “मष्णाक्का, निघालीस व्हय गं?” मष्णू चालत राहायचा. डोक्यावर घागर असताना भांडता येत नाही. पण त्यानं कावड काही घेतली नाही. आईचं गिऱ्हाईक शांत दुधाला सोकावलं होतं, ते त्याला तसंच द्यायचं होतं.

मग साहेबांनी औदार्य दाखवायचं ठरवलं आणि दोन नेटिव्ह गडी शर्यतीत घेतले. सुबरावानं मष्णूचं नाव दिलं. “न्हाईतरी रोज जातोसच की,” तो म्हणाला. त्या दिवशीचं मष्णूचं दूध आण्णाप्पानं पोचवायचं ठरलं. इथंच चूक झाली, असं गुणाबाईचं मत होतं. आपलं गिऱ्हाईक कुणाला दाखवू नये.

त्या पहिल्या वेळी मष्णू मोकळ्या डोक्यानं चालला. निलजी गाव मागे पडेपर्यंत तो शेवटच्यांत होता. मग एकेकाला मागे टाकत बळ्ळारी नाल्याच्या पुलावर तो तिसरा झाला, आणि किल्ल्याच्या खंदकाजवळच्या चढावर त्यानं पुढच्या दोघांनाही गाठलं. पुढं कुणी नव्हतं, नुसता रस्ता. आणि त्या रस्त्यावर सायकल आडवी घालून कॅप्टन उभा राहिला. लाल निशाण मष्णूच्या छातीला लावून तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “तुम दौडा.”

“म्या न्हाय पळालो,” मष्णू म्हणाला. कॅप्टनला मराठी येत नव्हतं, आणि येत असतं तरी काही फरक पडला नसता. एवढ्या वेगानं माणूस चालूच शकत नाही, अशी त्याची खात्री होती. बक्षीस समारंभात तो उठून बोलला की एका नेटिव्ह दूधवाल्यानं लबाडी केली म्हणून त्याला काढावं लागलं. मैदानावर टाळ्या पडल्या. सुबरावानं ते मराठीत सांगितलं नाही, पण लबाडी कुठल्याही भाषेत कळते.

यापुढचं काम आण्णाप्पानं केलं. “शर्यतीत पळतोय त्यो दुधात पानी घालंना व्हय?” एवढं एकच वाक्य तो दारोदार बोलला. दुसरं काही बोलायची गरजच नव्हती. दूधवाल्याला दूध विकायच्या आधी स्वतःचा शब्द विकावा लागतो. टिळकवाडीतल्या वकिलाच्या सत्यवतीबाई गुणाबाईच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनीही फाटकातच सांगितलं, “उद्यापासून नको घालूस, मष्णू. घरात बाळंतीण आहे, मला जोखीम नको.”

“बाई, माझ्या आईनं घातल्यालं दूध तुमची पोर पाळण्यात असल्यापासनं पीत आलीया.”

“तुझी आई वेगळी होती,” सत्यवतीबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. हे बोलताना त्यांनी मान खाली घातली होती.

ते वाक्य मष्णूला लाल निशाणापेक्षा जास्त लागलं. एकेक करून घरं सुटली. आण्णाप्पानं कावडीला मोठ्या चरव्या बांधल्या. मष्णू जे दूध उरायचं ते गावातल्या हलवायाला देई, तो म्हणेल त्या भावानं. रस्त्यानं जाताना आता त्याला कुणी मष्णाक्का म्हणत नव्हतं. पळ्या म्हणत होतं.

असं वर्ष गेलं. त्या वर्षी देशभर माणसं मीठ उचलून तुरुंगात जात होती. हुतात्मा होण्याचा मष्णूचा काही विचार नव्हता. त्याच्या डोक्यात वेगळाच किडा होता, आणि तो त्यानं शर्यतीच्या थोडं आधी आईपाशी बाहेर काढला. गुणाबाई सोप्यात पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होती.

“आई, एक सांगू? त्या दिशी डोस्क्यावर काय नव्हतं. लई हलकं हलकं वाटत हुतं. पाय उचलला बी असंल. मलाच ठावं न्हाय.”

गुणाबाईचा हात गुडघ्यावरच थांबला. जगानं लबाड म्हटलेलं तिनं सोसलं होतं. पोराला स्वतःचीच शंका यावी, हे तिला सोसवलं नाही.

“मग घागर घिऊन जा,” ती म्हणाली. “ती सांगंल.”

“दुधाची?”

“दुधाचीच. पान्याचं कोन बघतंय? वाळलं की गेलं.”

मग ती भिंतीला धरून उठली, ट्रंकेपाशी गेली आणि तळातून शहापुरी चंद्रकळा काढली. लग्नातली. नवरा गेल्यापासून ती तिच्या अंगाला लागली नव्हती. काळं नेसलं की दृष्ट लागत नाही म्हणतात, गुणाबाईला मात्र लागली होती. गुणाबाईनं हातानं काठ चाचपला, पदर ओळखला आणि दातांत धरून एक तुकडा टर्रकन फाडला.

“आई, अगं ही कशाला?”

“म्या मेल्यावर ही मला कोन नेसवनार हाय? काळं हाय. दुधाचा थेंब पडला तर लपायचा न्हाय.” तिनं तुकड्याची चुंबळ वळली. मग विचारलं, “पान घालू आत?”

“नगं.”

“मग जा,” गुणाबाई म्हणाली.

म्हणून तो त्या शनिवारी रेघेवर उभा होता.

शिट्टी वाजली आणि सगळे सुटले. मष्णू निघाला तो रोजच्यासारखाच. घागरीचं वजन मानेवर, मान पाठीवर, पाठ कंबरेवर आणि कंबर हलती. वरचं सगळं थांबलेलं आणि खालचं सगळं चाललेलं. रस्त्याच्या दोन्ही कडेला मुतग्याची, निलजीची माणसं उभी होती. बातमी पुढं गेली होती. आधी हशा पिकला, बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. “सांडलं रं, सांडलं,” कुणी तरी ओरडलं. तसं काही झालं नव्हतं. कॅप्टन सायकलवरून त्याच्या मागेच होता. बाकीचे कसे चालतात याकडे त्यानं बघायचं सोडून दिलं होतं. त्याची नजर मष्णूच्या टाचांवर होती आणि एक हात निशाणाच्या काठीवर.

बळ्ळारी नाल्याच्या पुलावर खडी टाकलेली होती. पुढचा एक पाखला तिथं अडखळून गुडघ्यावर पडला, बरोबर मष्णूच्या पायात. मष्णूला खाली बघता येत नव्हतं. तळपायाला माणूस लागला तसा तो गुडघ्यांत वाकला, हळूच बाजूला सरला आणि पुन्हा ताठ झाला. वर दूध गोल फिरलं. घागरीच्या काठाशी आलेला त्याचा आवाज त्यानं कानांपेक्षा कवटीतून ऐकला. थेंब पडला नाही. पुलावरच्या बायकांनी रोखलेला श्वास सोडला, आणि तिथून पुढं कुणी हसलं नाही.

किल्ल्याचा खंदक दिसू लागला. चढ सुरू झाला. गेल्या साली याच चढावर त्यानं वेग वाढवला होता आणि याच चढावर त्याला लबाड ठरवलं होतं. आता हळू गेलं तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. घागर शाबूत होती, लुगडं कोरडं होतं, तेवढ्यावर सगळं सिद्ध झालं असतं. लोकांपुरतं झालं असतं. मष्णूपुरतं नसतं झालं. गेल्या सालचा वेग डोक्यावर घागर घेऊन पुन्हा गाठल्याशिवाय त्याला स्वतःचं उत्तर मिळणार नव्हतं.

त्यानं पाय टाकायला सुरुवात केली. कंबर सुटली. पहिला सोजीर मागे पडला, मग दुसरा. दूध वर चढलं, काठाला लागलं, काठावरून गोल फिरलं. कॅप्टननं निशाण काठीवरून सोडवलं. ते त्यानं अर्धं वर नेलं आणि बघत राहिला. वरती उघड्या तोंडाची घागर, खाली काळं लुगडं, त्यावर एक पांढरा ठिपका नाही. कडेला उभी असलेली माणसं आता कॅप्टनकडे बघत होती. “दाव की,” गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. “दाव, दाव. कुठं सांडलंय त्ये बी दाव.” निशाण हळूहळू खाली गेलं.

गेल्या सालचाच वेग होता. पायांना ओळखीचा होता, श्वासाला ओळखीचा होता. आणि दूध काठावर फिरून परत आत जात होतं. तेव्हाही मी चाललोच होतो, असं मष्णूला पायांच्या तळव्यापासून कळलं. त्याचे डोळे भरून आले. पुसायला मान वाकवता येत नव्हती, म्हणून ते तसेच वाहू दिले. काळ्या लुगड्यावर तेवढंच काय ते पाणी पडलं.

मैदानावर दुसरी चुन्याची रेघ होती. तिच्यापलीकडे टेबल, टेबलावर चांदीचे पेले आणि खुर्च्यांवर मडमा. मष्णू तिसरा आला की चौथा, याबद्दल सांबऱ्यात अजून दोन मतं आहेत, कारण रेघ ओलांडल्यावर सगळे थांबले आणि हा थांबलाच नाही. सुबराव मागून धावत आला. “अरे मष्णू, थांब की रं. साहेब बोलवायलाय. हात मिळवायचा म्हणतोय.”

“त्यास्नी म्हनावं, हात मोकळा न्हाय,” मष्णू म्हणाला आणि मैदानातून सरळ पलीकडच्या रस्त्याला लागला. त्याचा रोजचा रस्ता मैदानात संपत नव्हता. पुढं रेल्वेचं फाटक होतं आणि त्यापलीकडे टिळकवाडी.

सत्यवतीबाईंच्या फाटकात आण्णाप्पा कावड टेकवून दूध मापत होता. मष्णूला बघून त्याच्या हातातलं माप तसंच राहिलं. मष्णूनं फाटकाशेजारच्या कट्ट्यावर हळूच घागर उतरवली.

“बाई, बघून घ्या.”

सत्यवतीबाईंनी घागरीत पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या लुगड्याकडे पाहिलं. शर्यतीची बातमी मैदानावरून सायकलनं आलेल्या शेजाऱ्यांनी आधीच आणली होती. त्या आत गेल्या आणि मोठं पातेलं घेऊन आल्या. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून तूच घाल. आजपासूनच घाल.”

“उद्या घालीन. आज हे दूध इकायचं न्हाय.”

“आणि आण्णाप्पाचं?”

आण्णाप्पा जमिनीकडे बघत होता. मष्णूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. “त्याचं दूध चांगलं हाय, बाई. त्यात पानी हाय असं मी म्हननार न्हाय. तसं म्हनायचं काम लई सोपं असतंय.”

मग तो खाली बसला, चुंबळ डोक्यावर नीट केली आणि म्हणाला, “आण्णाप्पा, हात लाव.”

वाटेत कुणी डोक्यावर घागर चढवायला हात मागितला तर नाही म्हणायचं नसतं, मग तो वैरी का असेना. आण्णाप्पा उठला. दोन्ही हातांनी त्यानं घागर उचलली आणि मष्णूच्या डोक्यावर ठेवली, अगदी जपून, आपल्या हातून सांडायच्या भीतीनं ओठ आवळून.

“हे परत न्हेतोस?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“आईला दावायचंय,” मष्णू म्हणाला.

तो सांबऱ्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. सायकलवाल्यांनी, बैलगाडीवाल्यांनी गुणाबाईला आधीच येऊन सगळं सांगितलं होतं. कुणी पहिला आला म्हणालं, कुणी साहेबानं पाय धरले म्हणालं. गुणाबाई प्रत्येकाला एकच सांगत होती, “मी हात लावल्याबिगर न्हाय.” ती उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. मष्णूची चाल तिला लांबूनच ऐकू आली.

त्यानं घागर तिच्यापुढं ठेवली. तिनं घागरीच्या तोंडात बोट घातलं. बोटाचं पहिलं पेर आत जाण्याआधीच दूध लागलं.

“भरून गेलतास, भरून आलास,” ती म्हणाली. “आता आन इकडं ती चंद्रकळा.”

मष्णूनं खांद्यावरनं लुगडं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. गुणाबाईनं एका टोकापासून सुरुवात केली. काठ, पोट, पदर, चिमटीतून एकेक वीत सोडत गेली. जिथं तिचे डोळे पोचत नव्हते तिथं तिची बोटं जात होती. गल्लीतली माणसं भोवती उभी होती.

“आई,” मष्णू हळूच म्हणाला, “गेल्या साली बी म्या चाललोच हुतो.”

गुणाबाईची बोटं पुढं सरकत राहिली. खांद्याजवळ वाळून जराशी ताठ झालेली जागा तिच्या बोटांना लागली. ती थांबली. तेवढा भाग तिनं उचलून नाकाशी नेला, मग जिभेला लावला.

“दूध न्हाय,” ती म्हणाली. “खारट हाय.” आणि लुगड्याची ती जागा तिनं बराच वेळ तोंडाशी तशीच धरून ठेवली.